रत्नागिरीचा वन्समोअर

"थांबा," यशवंतराव म्हणाले. बापूंनी ऑर्गनवरचे हात उचलले, तबला थांबला, आणि शाळेच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये एकदम नुसती पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

'संगीत चंद्रघाट'ची तालीम होती. दुसऱ्या अंकातलं मुख्य पद चाललं होतं. नावाडी संध्याकाळी घाटावर एकटा उभा आहे, पलीकडे राजकन्येच्या महालात दिवा लागलाय आणि त्याचं प्रतिबिंब नदीत उतरलंय. 'दिवा तुझ्या अंगणीचा पाण्यात मी पाहिला.' राजकन्या पायऱ्यांआड उभी राहून ते गाणं चोरून ऐकते, असा प्रवेश. नावाडी यशवंतराव केळुसकर, आणि राजकन्या मी, त्यांची बायको.

यशवंतरावांनी थर्मासमधलं गरम पाणी झाकणात ओतलं, सावकाश प्यायले, आणि झाकण लावता लावता म्हणाले, "दाजी, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरा माणूस बघा."

दाजी सबनीस म्हणजे आमच्या नाटक मंडळीचे मालक. नाटकही त्यांनीच लिहिलेलं. ते खुर्चीतून उठलेच. "अहो, काय बोलताय! आवाज येईल हळूहळू. डॉक्टरांनी सांगितलंय ना, धीर धरा म्हणून?"

"डॉक्टर बोलायच्या आवाजाबद्दल म्हणाले होते. तो आलाय."

उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ निघाली, जीव वाचला, त्याचा आनंद आम्ही पेढे वाटून केला. पण गाठीबरोबर वरचा आवाजही गेला होता. मधल्या पट्टीत गळा ठीक चालायचा. वर जायला लागले की आधी खर यायची, आणि वरच्या षड्जावर नुसती हवा. वाईट हे, की 'चंद्रघाट'च्या सगळ्या चाली त्यांनीच लावल्या होत्या, आणि त्या आजारापूर्वी, स्वतःच्या गळ्याच्या मापाने लावल्या होत्या. त्या मुख्य पदाचा सगळा जीव त्या एका वरच्या षड्जात होता.

"चाल थोडी खाली आणू," बापू म्हणाले. बापू ताम्हाणे वीस वर्षं त्यांच्या साथीला होते.

"खाली आणली की ती चाल राहत नाही बापू, तुम्हाला माहितीय." मग त्यांनी मागे कोरसमध्ये बसलेल्यांकडे बघितलं. "अविनाश, इकडे ये. पहिल्यापासून म्हण."

अविनाश मणेरीकर गोव्याचा. कोरसमध्ये गायचा, नाटकात दोन वाक्यांचं काम होतं. तो बिचारा घामाघूम झाला. पण गायला. वरचा षड्ज त्याने असा लावला, की दाजी खाली बसले आणि त्यांनी कपाळावरून रुमाल फिरवला. यशवंतरावांनी मान हलवली आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी घरी ये."

तो यायचा. आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत दोघं समोरासमोर बसायचे. मी आत चहा टाकायचे, भाजी चिरायचे, आणि ऐकत राहायचे. यशवंतराव त्याला नुसती चाल शिकवत नव्हते. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द जिभेवर किती वेळ ठेवायचा, गाताना नजर कुठे असली पाहिजे, सगळं. "दिवा म्हणताना दिव्याकडे बघू नकोस. पाण्याकडे बघ. त्याला वर बघायची छाती नाही." एकदा मी चहा घेऊन बाहेर आले तर अविनाश हात बांधून बसला होता आणि यशवंतराव वरच्या षड्जाची जागा हाताने दाखवत होते. आवाज न काढता, नुसता हात वर नेत. मी कप ठेवले आणि आत गेले.

तेव्हा जो तो म्हणायचा, संगीत नाटक संपलं. आम्ही जुनी नाटकं घेऊन गावोगाव हिंडायचो तेव्हा पुढच्या दोन रांगांत म्हातारी माणसं आणि मागे रिकाम्या खुर्च्या, हे चित्र ठरलेलं. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे गाण्यात गेली. 'चंद्रघाट'च्या पहिल्या प्रयोगालाही पुण्यात अर्धंच थिएटर भरलं, आणि त्यात निम्मे ओळखीचे होते.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात ते पद आलं. मी पायऱ्यांआड उभी होते. अविनाशचा आवाज वर गेला, तिथे थांबला, आणि एखादी होडी काठाला लागावी तसा अलगद खाली आला. पद संपलं तरी टाळ्या नाहीत. मला वाटलं, गेलं. आणि मग बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" आणि ते अर्धं थिएटर भरलेल्या थिएटरसारखं उठलं.

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आमच्या आधीच्या पिढीकडून नुसता ऐकून होते, की असं होतं, अंगावर काटा येतो, पाय जमिनीवर राहत नाहीत. खरंच राहत नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. विंगेत स्टुलावर यशवंतराव तंबोरा घेऊन बसले होते. त्यांनी अविनाशला बोटानेच खूण केली, घे, पुन्हा घे.

पुढच्या रविवारी थिएटरबाहेर रांग लागली. त्याच्या पुढच्या रविवारी 'हाऊसफुल्ल'ची पाटी. ती पाटी थिएटरवाल्यांनी कुठल्या तरी अडगळीतून काढली होती, तिच्यावरची धूळसुद्धा नीट पुसलेली नव्हती. कॉलेजातली मुलं यायला लागली. एका प्रयोगाला तर मधल्या वाटेत सतरंज्या टाकून माणसं बसवली. लग्नाच्या वरातीत बँडवाले आमचं पद वाजवायला लागले. मंडईत भाजीवाली मला म्हणाली, "राजकन्या ना तुम्ही?" आणि मूठभर कोथिंबीर वर टाकली. प्रयोगाआधी तिसरी घंटा व्हायची, पडद्यापलीकडून हजार माणसांची कुजबूज ऐकू यायची, आणि वाटायचं, हेच ते, यासाठीच आपण जन्माला आलो. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. खोटं कशाला सांगू?

आणि ते सुख मी घरी नेऊ शकत नव्हते. प्रयोग संपला की खोबरेल लावून रंग पुसायचे, तसंच ते सुखही तोंडावरून पुसायचे आणि मग त्यांच्याबरोबर रिक्षात बसायचे.

यशवंतराव कधी एका शब्दाने काही बोलले नाहीत. प्रत्येक प्रयोगाला ते विंगेत असायचे. लोक अविनाशभोवती गर्दी करायचे, आणि अविनाश प्रत्येकाला सांगायचा, "चाली यशवंतरावांच्या आहेत हो. मी नुसता गातो." लोक हो हो म्हणत त्याच्याकडूनच सही घ्यायचे. यशवंतराव लांब उभे राहून हसायचे. एकदा आमच्या वरच्या मजल्यावरचे बँकेतले शेजारी जिना चढताना ते पद गुणगुणत होते. यशवंतरावांनी दार उघडलं आणि ते वर जाईपर्यंत ऐकत उभे राहिले. दार लावून म्हणाले, "ती शेवटची हरकत माझी नाही. अविनाशने घातलीय." थोड्या वेळाने म्हणाले, "चांगली आहे."

सकाळी दाढी करताना गुणगुणायची त्यांची सवय होती. आमचं लग्न झाल्यापासूनची. ती कधी बंद पडली ते माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते.

हिवाळ्यात आम्ही कोकणचा दौरा काढला. रत्नागिरीला रविवारी दुपारचा प्रयोग होता. लांजा, पावस, संगमेश्वर, कुठून कुठून माणसं आली होती. बायका डबे घेऊन सकाळपासून थिएटरबाहेरच्या मैदानात येऊन बसलेल्या. अविनाशच्या बहिणीचं लग्न होतं म्हणून तो दोन दिवस गोव्याला गेला होता, तिकडूनच परस्पर रत्नागिरीला येणार होता. दुपारी जेवणं झाली तरी त्याचा पत्ता नाही. तेवढ्यात थिएटरच्या ऑफिसात फोन आला. त्याच्या मामाची जीप राजापूरच्या अलीकडे बंद पडली होती, मेकॅनिक शोधताहेत, संध्याकाळशिवाय पोहोचणं शक्य नाही.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "आता काय सांगू यांना? लांबून लांबून आलीत माणसं."

"प्रयोग करू," यशवंतराव म्हणाले. "मी उभा राहतो."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी यशवंतरावांना बाजूला घेतलं. "अहो, नको. रद्द करू. लोक समजून घेतील."

"शालन, नाटक माझ्या अंगात आहे. गद्याची काळजी नाही. पदं दोन पट्ट्या खाली घेऊ." त्यांचे डोळे चमकत होते. कितीतरी दिवसांत मी ते तसे बघितले नव्हते. "बरंच बरं आहे आता. मी बघतो ना अधूनमधून, एकटा असताना."

म्हणजे मी घरी नसताना ते गात होते. हे मला माहीत नव्हतं. ते कळल्यावर मला पुढे नको म्हणवेना.

नावाड्याचा अंगरखा मुळात त्यांच्याच मापाचा शिवला होता, नंतर अविनाशसाठी आवळला होता. मी शिवण उसवली आणि त्यांच्या कमरेला शेला बांधला. ते आरशात बघत होते. मी शेल्याची गाठ मारताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू घाबरू नको. तू घाबरलीस की मला कळतं."

दाजींनी पडद्यापुढे जाऊन सांगितलं. आधी नाराजीची कुजबूज झाली. मग जुन्या माणसांनी 'यशवंतराव केळुसकर' हे नाव ऐकून टाळ्या वाजवल्या. पडदा उघडला.

आणि काय सांगू, पहिला अंक असा रंगला की अविनाशच्या कुठल्याच प्रयोगात रंगला नव्हता. गद्य त्यांच्यासारखं कुणी बोलायचंच नाही. नावाडी पहिल्यांदा राजकन्येला होडीत घेतो तो प्रवेश अविनाश गोड करायचा. यशवंतरावांनी त्यात असा काही संकोच आणला, की मीच वाक्य विसरता विसरता राहिले. पहिल्या अंकातली दोन्ही पदं मधल्या पट्टीतली होती, ती निघून गेली. मध्यंतरात दाजी धावत आले. "अहो, काय हे! कमाल केलीत!" बापू नुसतेच हसत होते. मलाही वाटायला लागलं, की होईल. देव आहे, होईल.

दुसरा अंक. संध्याकाळचा निळा प्रकाश. मी पायऱ्यांआड जाऊन उभी राहिले. बापूंनी दोन पट्ट्या खालून सूर दिला.

सुरुवात चांगली झाली. आवाज जाड होता, थोडा ओबडधोबड, पण दिव्याकडे न बघता पाण्याकडे बघणारा तो माणूस खरा होता. अंतरा आला. ते वर चढायला लागले. मी पायरीचा लाकडी कठडा धरला. खर आली. आणि मग ती जागा आली, आणि आवाज फुटला.

फुटला म्हणजे बेसूर झाला असं नाही. नाहीसाच झाला. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आत काही नाही. मग पुन्हा खालच्या सुरावर कुठेतरी त्यांनी पाय टेकला आणि पद कसंबसं संपवलं.

मी पुढचं वाक्य म्हणायला पाऊल टाकलं. ते वाक्य लगेच म्हटलं असतं तर नाटक पुढे सरकलं असतं, लोकही विसरले असते. पण मी तोंड उघडायच्या आधी पहिल्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. पांढरा कोट, डोळ्यांवर जाड काचा. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "यशवंतराव, वन्समोअर!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग त्याच्या शेजारच्याने टाळी वाजवली. मग मागून, मग बाल्कनीतून. सगळं थिएटर. "वन्समोअर! वन्समोअर!" लोक उभे राहून ओरडत होते. बायका डोळे पुसत होत्या. त्यात कुचेष्टा एका माणसाचीसुद्धा नव्हती. नुसती माया होती.

मी यशवंतरावांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी हात जोडले. वन्समोअर नाकारायची ती रीतच आहे. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. टाळ्या वाढल्या. त्यांनी पुन्हा हात जोडले, मान हलवली. म्हातारा उभाच होता.

तेव्हा ते बापूंकडे वळले आणि बोटं वर केली. मूळ पट्टी. बापूंनी नाही म्हणून मान हलवली. यशवंतरावांनी बोटं तशीच ठेवली. शेवटी बापूंनी डोळे मिटून सूर दिला.

ते पद त्यांनी मूळ पट्टीत पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा जे झाकलं होतं, ते काहीच झाकलं नाही. आवाज अंतऱ्याच्या आधीच फाटला. त्यांनी थांबवलं नाही. वरच्या षड्जाच्या जागी ते नुसते उभे राहिले, तो सूर जितका वेळ टिकायला हवा तितका वेळ, काहीही न गाता, आणि मग वेळेवर खाली आले. मात्रेची चूक नाही. शब्दाची नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मी बघितलं, शेवटच्या ओळीला ते पाण्याकडे बघत नव्हते. समोर, त्या ओरडणाऱ्या माणसांकडे बघत होते.

टाळ्या किती वेळ चालल्या मला माहीत नाही.

प्रयोग संपल्यावर तो म्हातारा रंगपटात आला. लांज्याचा होता. त्याने यशवंतरावांचे हात हातांत घेतले. "तुमचं पहिलं नाटक मी याच गावात बघितलंय. काही फरक नाही हो. तोच गळा! जीव शांत झाला माझा." यशवंतराव वाकून त्याच्या पाया पडले. संध्याकाळी अविनाश आला. धुळीने माखलेला. त्याला कुणीतरी बाहेरच सगळं सांगितलं होतं. तो यशवंतरावांच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. यशवंतरावांनी त्याला उठवलं. "अरे, जेवलास का तू? बहिणीचं लग्न नीट झालं ना?"

लॉजवर आल्यावर ते खिडकीशी बसून राहिले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "एकदा पडलो, ते चाललं असतं गं. गाणाऱ्याचं होतं असं. त्यांनी मला दुसऱ्यांदा पाडलं. आणि इतक्या प्रेमाने पाडलं, की रागवायलाही कुणी नाही."

मंडळी दुसऱ्या दिवशी चिपळूणला जाणार होती. यशवंतराव म्हणाले, मी केळूसला जातो. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते, माडाची बाग होती. मी म्हटलं, मीही येते, मला हे नाटक नको. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "ते नाटक माझं आहे. त्यात मी आता एवढाच उरलोय. ते तू बंद पाडणार?"

मी नाटक बंद पाडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते चाललं, मुंबईत, नागपुरात, थेट इंदूरला. प्रत्येक ठिकाणी वन्समोअर यायचा, आणि दर वेळी माझ्या अंगावर तोच काटा यायचा. ते सुख काही केल्या माझ्याने टाकवलं नाही. दौऱ्यात खंड पडला की मी केळूसला जायचे. यशवंतराव शिंपणं करायचे, पुतण्यांच्या मुलांना खेळवायचे, प्रयोगाची बारीकसारीक चौकशी करायचे. देवळात भजनाला जाऊन मागे बसायचे आणि टाळ वाजवायचे. तिथेच नऊ वर्षांनी ते गेले. त्या नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून मी एक सूर ऐकला नाही.

पण मला आठवते ती रत्नागिरीच्या स्टँडवरची सकाळ. वेंगुर्ल्याची गाडी लागली होती. मी त्यांच्यासाठी केळी आणि चण्याची पुडी घेतली. ते खिडकीत बसले, मी खाली उभी. कंडक्टर आत चढला, तेव्हा यशवंतराव खिडकीतून वाकले. आमच्या घरी बोलणं पुण्याचंच असायचं. अगदी आत काही हललं की मगच त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

"शालन, एक विचारतंय. खरा सांग. काल दुसऱ्यांदा म्हटलंय, तेव्हा त्या वरच्या जागेर तुका काय वाटला?"

मला म्हणता आलं असतं, की छान वाटलं. सगळ्या रत्नागिरीने म्हटलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मला वाटलं, हे संपू दे. आता एक क्षण ऐकवत नाही मला."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. आदल्या दुपारपासून प्रथमच ते हसले, आणि खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला.

"बरा झाला गो," ते म्हणाले. "कोणीतरी आयकल्यान म्हणायचा."

घंटी वाजली. गाडी हलली. मी स्टँडच्या दारापर्यंत गाडीबरोबर चालत गेले, आणि मग माझी मंडळी लॉजवर खोळंबली होती म्हणून परत फिरले.